लकॉक पद्धतीचं पहिलं वर्ष : बडोद्यात बसून काय तयारी होईल?

सूरसागर_कट्टा :
भाचा इथल्या एमएस विद्यापीठाच्या नाट्यविभागातून यंदा बाहेर पडतोय. जाक लकॉक यांनी १९५६ साली पॅरिसमध्ये काढलेल्या नाट्यशाळेचं त्याने मनात घेतलंय. माहितीपत्रकात सगळं काव्यच आहे. वर्षभर प्रत्यक्षात काय करून घेतात? मुखवटे इथे करून सराव चालेल का? आणि फ्रेंच किती लागतं?

विंगेतला :
ऑक्टोबर ते जून, तीन सत्रं. सुरुवातीला संहिता नाही, पात्र नाही, संवाद नाहीत. आधी निःशब्द प्रसंग, मग तटस्थ मुखवटा. शाळेचा मूळ मुखवटा चामड्याचा, इटलीतल्या पाडुआच्या आमलेतो सार्तोरींनी घडवलेला. त्यावर कुठलाच भाव नसतो, त्यामुळे बघणाऱ्याची नजर सरळ अंगावर जाते आणि उचललेला खांदा, पुढे आलेली हनुवटी चव्हाट्यावर येते.

एक ठरलेला प्रसंग असतो : मित्र बोटीने दूर देशी निघालाय, धक्क्यावर धावत जाऊन निरोप द्यायचा. संवादांवर वाढलेली आपली मुलं इथे दुःख ‘दाखवायला’ जातात. मुखवट्याखालचा हुंदका कुणाला दिसत नाही, दिसतात ते गदगदणारे खांदे, आणि ते चक्क विनोदी वाटतं. बघायची असते बोट. ती सरकते तशी मान वळते का? हात खाली येतो तो नेमका कधी?

पुढे पाणी, अग्नी, वारा, माती अंगाने साकारायची. मग वस्तू, प्राणी. मग स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या जत्रेतले मोठे पांढरे, अर्धवट घडल्यासारखे मुखवटे. वर्षाअखेर २० हालचाली एकसंध बांधून एकट्याने करायच्या : भिंत चढणं, वल्हं मारणं, थाळीफेक वगैरे. दुसऱ्या वर्षाला सरसकट घेत नाहीत, निवड होते. विदूषक येतो तो दुसऱ्या वर्षी, शेवटी. त्याच्यासाठीच जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

तिसरी_घंटा :
‘ऑतोकूर’ राहिलं. रोज साधारण दीड तास शिक्षकांविना गटाने काम करायचं आणि नंतर ते सगळ्या शाळेपुढे दाखवायचं. सुरुवातीचा विषय ‘एक जागा, एक घटना’ असा साधा. गट फुटतात ते इथेच. पाच देशांची पाच माणसं गोल करून बसतात, चार दिवस चर्चा रंगते आणि आदल्या संध्याकाळी उभं राहून बघितलं तर हातात काहीच नाही. दहा मिनिटांत उठून काहीतरी करून बघायचं, वाद नंतर घालायचा. याचा सराव कमाटीबागेत चार मित्र घेऊनसुद्धा होईल.

खळ_कागद :
मुखवटा घरी होतो. पाटावर शाडूचा चेहरा करा, स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा बोटभर मोठा. भुवया सपाट, ओठ किंचित विलग. आरशात बघून स्वतःचा चेहरा काढू नका, ते व्यक्तिचित्र होतं. वर व्हॅसलीन. दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून घ्या, कापू नका, कापलेल्या कडा उठून दिसतात. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा, म्हणजे मोजायला चुकत नाही. एकूण सहा, दिवसाला दोन. मैद्याची खळ चालेल, पण बुकबाइंडरसारखं मोरचूद त्यात घालू नका, ते विषारी असतं आणि हा चेहऱ्याला लागणार आहे. पंख्याखाली वाळवा. पावसाळ्यात आतून ओलं असताना सोडवला की हमखास वाकडा होतो. नाकपुड्या मोकळ्या करा, आतून फेविकॉलचे दोन हात, कपाळाला आणि गालांना स्पंजचे तुकडे. चेहऱ्याला चिकटून बसला तर काम होत नाही. इलॅस्टिक इंचभर रुंद घ्या.

सूरसागर_कट्टा :
मनापासून आभार. घातल्यावर काही पथ्यं?

विंगेतला :
घातलेला असताना बोलायचं नाही आणि त्याला हात लावायचा नाही. प्रेक्षकांकडे पाठ करून चढवायचा, तसाच उतरवायचा. नजरेचा टप्पा अरुंद होतो, म्हणून डोळे फिरवून भागत नाही, अख्खी मान वळवावी लागते. आधी दहा मिनिटं पुरे.

तिसरी_घंटा :
फ्रेंचचं राहिलं. प्रसंग निःशब्द असले तरी नंतरची टिप्पणी फ्रेंचमध्येच, आणि खरं शिक्षण त्यातच आहे. माझ्या मते बी-वन, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरची मधली पातळी, हवीच. अहमदाबादला आलियाँस फ्रान्सेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. शाळा खासगी असल्यामुळे तिथल्या सरकारी विद्यापीठांची माफक फी इथे धरून चालू नका. दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा मिळाला तरी पोचल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. मुलं तालमीच्या नादात नेमकं तेच विसरतात.