'नैतिक गुंतवणूक' हा शब्द कुठे वापरावा?

प्रश्न: लहान गुंतवणूकदारांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. 'एथिकल', 'सस्टेनेबल' आणि 'ईएसजी' या तिन्हींसाठी 'नैतिक गुंतवणूक' असे सरसकट लिहिले तर चालेल का?

उत्तर: नाही, वाचक फसेल. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार. हे नाव २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालातून रूढ झाले. हवामान, कामगारांचे प्रश्न, ढिला कारभार यांमुळे कंपनीच्या कमाईला किती धोका आहे, हे बहुतेक ईएसजी मानांकने पाहतात. कंपनीमुळे जगाला किती धोका आहे, हा निराळा प्रश्न. म्हणून तर तंबाखू कंपनीलाही चांगले मानांकन मिळू शकते. तंबाखूचा पैसा नको असलेल्या माणसाने 'नैतिक' वाचून असा फंड घेतला, तर त्याचा विश्वासघातच झाला.

दुसरे उत्तर: 'सस्टेनेबल'साठी 'शाश्वत' हा शब्दही जपून वापरा. 'शाश्वत उत्पन्न' म्हटले की आपल्याला खात्रीचे, न आटणारे उत्पन्न कळते. 'शाश्वत गुंतवणूक' वाचून कुणी परताव्याची हमी समजेल.

तिसरे उत्तर: 'नैतिक' मात्र टाकून देऊ नका. 'नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा' म्हणतो तेव्हा कायद्याने भाग पाडलेले नसते, माणूस आपणहून पुढे येतो. इथेही तेच आहे. दारू, शस्त्रे, जुगार या धंद्यांना कायद्याची परवानगी असते, तरी एखादा म्हणतो, यात माझा पैसा नको. ही भावना जुनी आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७५८ साली गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७१ मध्ये, शस्त्रनिर्मितीत पैसा घालायचा नाही म्हणून अमेरिकेत पॅक्स वर्ल्ड फंड निघाला.

प्रश्नकर्ती: पण बाजारात शेअर घेतला तर पैसे विकणाऱ्याला मिळतात, कंपनीला नाही. मग माझ्या शंभर शेअरांनी कंपनीचे काय अडते?

तिसरे उत्तर: फारसे काही अडत नाही, हे खरे आहे आणि पत्रकात ते स्पष्ट लिहा. नव्या शेअरविक्रीत पैसा कंपनीकडे जातो, एरवी नाही. पण बहुतेक लहान गुंतवणूकदारांचा हिशेब कंपनीला अडवण्याचा नसतोच. वाल्या कोळ्याने घरच्यांना जे विचारले, तेच ते स्वतःला विचारतात: या पापात मी वाटेकरी आहे का? लाभांश घेणारा वाटेकरी असतोच. मला तर 'भागधारक' या शब्दातला 'भाग' इथे फार महत्त्वाचा वाटतो.

पहिले उत्तर: काहींना मात्र अडवायचेच असते. ते शेअर ठेवतात आणि सभेत ठरावाविरुद्ध मत देतात. त्याला 'नैतिक गुंतवणूक' म्हणून भागणार नाही, 'भागधारकाचा हक्क बजावणे' असे सरळ लिहा. फंडातून पैसे गुंतवले असतील तर ते मत सहसा फंड चालवणारी कंपनी देते, हेही सांगा.

प्रश्नकर्ती: म्हणजे वगळण्यासाठी 'नैतिक', मानांकनासाठी 'ईएसजी' तसेच ठेवते. 'तंबाखूमुक्त फंड' लिहिले तर?

पहिले उत्तर: फंडाचे नियम वाचून मगच लिहा. उत्पन्नाच्या पाच किंवा दहा टक्क्यांपर्यंत तंबाखूचा वाटा चालवून घेणारे फंड असतात. तिथे 'मुक्त' नको. 'तंबाखूचे उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त असलेल्या कंपन्या वगळल्या आहेत' असे पूर्ण वाक्य लिहा, लांबले तरी चालेल.