रबरी सूटच्या आतला माणूस

'रबरी सूट घालून खेळण्यातली घरं तुडवतात, त्यात काय बघायचं' असं जपानी राक्षसांच्या पिक्चरबद्दल म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. १९५४ चा पहिला 'गॉडझिला', म्हणजे शहर तुडवणाऱ्या राक्षसाचा पिक्चर, बघा राव, ब्लॅक अँड व्हाइट, हिरोशिमाला जेमतेम नऊ वर्षं झालेली आणि त्याच मार्चमध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख जपानी मच्छीमारांवर पडलेली, त्यामुळे हॉस्पिटलचे सीन बघताना हसू येतच नाही. आणि तो सूट, जवळजवळ शंभर किलोचा, आत नाकाजिमा हा नट घामाने निथळतोय! ती डरकाळी तर चामड्याचा हातमोजा डबल बासच्या तारेवर घासून काढलेली.

बोअर होतं ते माणसांचं, मीटिंगा संपतच नाहीत. पुढच्या गॉडझिला पिक्चरांत तर पोरांसाठी म्हणून पार कुस्तीच केली, १९६९ च्या पिक्चरमध्ये जुन्याच मारामाऱ्या परत चिकटवल्यात. तरी मी बघतोच म्हणा.