फायरवॉल, आयपी फोन विकावेत का नुसती एएमसीच बरी?

भोसरीकर_०७
मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. माझं एमआयडीसीत छोटं ऑफिस आहे, मी आणि तीन पोरं. लॅपटॉप, सीसीटीव्ही, टोनर आणि पंधरा-सोळा कारखान्यांच्या एएमसी (वर्षाच्या देखभालीचे करार), यावर बरं चाललंय. मागच्या वर्षी एका फायरवॉल (ऑफिसचं नेटवर्क राखणारा बॉक्स) कंपनीचा चॅनेल मॅनेजर (आमच्यासारखे विक्रेते सांभाळणारा माणूस) येऊन बसला, म्हणाला तुमच्याकडे कस्टमर आहेत आमच्याकडे प्रॉडक्ट आहे, पार्टनर व्हा. झालो. एका पोराला ट्रेनिंगला पाठवला, परीक्षा पास करून घेतली, सिल्व्हर पार्टनरचं सर्टिफिकेट आलं ते फ्रेम करून भिंतीवर लावलं.

मग माझ्याच एएमसीतला एक कारखाना, १२० युजर, दोन प्लांट, जुना बॉक्स कधीच एंड ऑफ लाइफ (कंपनीचा सपोर्ट बंद) झालेला तरी चालू होता. मीच जाऊन मालकांना समजावलं, डेमो बॉक्स आणला, पंधरा दिवस पीओसी (त्यांच्याच जागेवर चालवून दाखवणं) केली, रात्री अकराला व्हीपीएन चालेना म्हणून फोन आला की गाडी काढून पळायचो. बीओक्यू (काय काय किती लागेल त्याची यादी) बनवून दिला, सोबत आयपी फोनचंही (नेटवर्कच्या वायरवर चालणारे) कोटेशन दिलं कारण त्यांचा ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) बाबा आदमच्या काळातला. तर परचेसवाल्यांनी माझाच बीओक्यू, वरचं माझं नाव तेवढं काढून, आणखी तिघांना पाठवला. आणि खराडीकडच्या एका मोठ्या पार्टनरनी माझ्या लँडिंगपेक्षा ११ टक्के खाली रेट टाकला. लँडिंगपेक्षा! मी डिस्टीकडून (डिस्ट्रिब्युटरकडून) ज्या भावात उचलणार त्याच्याही खाली. चॅनेल मॅनेजरला फोन केला तर म्हणतो, सर डीआर त्यांचा आहे, माझ्या हातात काही नाही.

आता चाकणहून एक इन्क्वायरी आलीये, ४० आयपी फोन आणि एक फायरवॉल. घेऊ का सोडून देऊ? घरी सल्ला मिळालाय की टोनर विका आणि रात्री झोपा.

तुळशीबागेतला_राऊटर
फ्रेमचे किती झाले? तो खर्च पण कॉस्टिंगमध्ये धरा :)

जुना_चॅनेलवाला
भाऊ, मी आधी डिस्टीकडे आणि मग एका ओईएमकडे (माल बनवणारी कंपनी) मिळून अठरा वर्षं काढली, आता निवृत्त आहे आणि सकाळी तळजाईला चकरा मारतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तुमचा सौदा पीओच्या (परचेस ऑर्डरच्या) दिवशी गेला नाही. तो गेला ज्या दिवशी तुम्ही डेमो बॉक्स घेऊन गेलात आणि ओईएमच्या पोर्टलवर काही टाकलं नाहीत त्या दिवशी. साखळी तुम्हाला माहितीच आहे, ओईएम, मग रेडिंग्टन, इनग्राम असले डिस्ट्रिब्युटर, मग तुम्ही, मग कस्टमर. माल या रस्त्यानी येतो पण भाव या रस्त्यानी ठरत नाही. भाव ठरतो डीआरवर, म्हणजे डील रजिस्ट्रेशनवर. जो पहिला पोर्टलवर कस्टमरचं नाव, साइट, मॉडेल, अंदाजे तारीख टाकून मंजुरी घेतो त्याला जादा डिस्काउंट, आणि तेही ठरावीक मुदतीपुरतं, बऱ्याच ठिकाणी ६० किंवा ९० दिवस. त्याच्यावर मोठ्या सौद्याला ओईएम वेगळी स्पेशल प्राइस देतो. त्याच्यावर गोल्ड-प्लॅटिनमवाल्याला क्वार्टरचं टारगेट झालं की मागाहून क्रेडिट नोट. हे सगळं त्यानी कस्टमरला पुढे ओतलं की झाला तुमच्या लँडिंगच्या खाली. तो काही तोट्यात विकत नाहीये, तुम्हाला दिसणारा लँडिंगच खोटा आहे.

भोसरीकर_०७
पण काका मी डिस्टीकडून लेखी कोटेशन घेतलं होतं, त्यात एंड कस्टमरचं नाव पण होतं, ते म्हणजे रजिस्टर नाही का?

जुना_चॅनेलवाला
नाही ना! इथेच निम्मे नवे लोक पडतात. डिस्टीचं कोटेशन म्हणजे डिस्टीकडचा एक मेल. ओईएमच्या पोर्टलवर डीआर नंबर आणि अप्रूव्हड असं दिसलं पाहिजे, अंडर रिव्ह्यू पण चालत नाही. आणि बीओक्यू पीडीएफ करून मॉडेल नंबरसकट देऊ नका हो, अप्रूव्हल येईपर्यंत "१२० युजर, दोन साइट, अमुक वेग (थ्रूपुट)" एवढंच लिहून द्या.

दुसरी गोष्ट, तो पहिला बॉक्स विसरा. मिळाला नाही तर नाही. तीन वर्षांच्या लायसन्सची तारीख वहीत लिहून ठेवा. बहुतेक कंपन्या रिन्यूअलला जुन्या पार्टनरला झुकतं माप देतात, पण कस्टमर स्वतः लिहून म्हणाला की आम्हाला पार्टनर बदलायचाय तर बदलतात. शंभर दिवस आधी जो हजर असतो त्याचं काम होतं. सोफॉसची एक्सजी ही फायरवॉलची सिरीज ३१ मार्च २०२५ ला एंड ऑफ लाइफ झाली तेव्हा पुण्यात असे कितीतरी लोक मी बघितले, ज्यांच्याकडे नुसती जुन्या बिलांची फाइल होती आणि त्या फाइलवर त्यांनी वर्षभर धंदा केला. त्यातले निम्मे तर सायबरोम विकायचे त्या काळापासूनचे. ती अहमदाबादची कंपनी, २०१४ ला सोफॉसनी घेतली, बॉक्सवरचं नाव बदललं पण फाइल तीच राहिली.

आणि क्वार्टरच्या शेवटच्या आठवड्यात चॅनेल मॅनेजर गोड बोलायला लागला की फोन उचलू नका. "सर फक्त बिलिंग करून ठेवा, पीओ येतोय" यावर मी लोकांची ऑफिसं विकलेली बघितलीत. (मीही हे बोलायचो, कबूल करतो.)

तुळशीबागेतला_राऊटर
बाकी आपल्या गावात चॅनेलचं महत्त्व सांगायला बाहेरचं उदाहरण कशाला. क्विक हील इथलंच. रहिमतपूरचे कैलाश काटकर, सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून, भावानी अँटीव्हायरस लिहिला आणि तो खपवला कोणी, तर गल्लीबोळातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी. २०१६ ला कंपनी शेअर बाजारात गेली. भोसरीकर, ते गल्लीतले म्हणजे तुम्हीच हो, टोनर आणि अँटीव्हायरसवाले.

चाकणचा_आयटीवाला
मी समोरच्या बाजूचा माणूस आहे, ऑटो पार्टच्या कंपनीत आयटी बघतो, त्यामुळे थोड्या शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. हो, आम्ही बीओक्यू फिरवतो. परचेसला तीन कोटेशन लागतात, नाही दिली तर ऑडिटवाला मला धरतो. त्यात तुमच्यावर राग वगैरे काही नसतो. पण एल वन (सगळ्यात कमी रेटवाला) आला म्हणून मी दरवेळी खूश असतो असंही नाही, कारण रेट परचेस बघतं आणि लाइन बंद पडली की शिव्या मी खातो.

मोठ्या पार्टनरचा अनुभव सांगतो. डेटाशीटवर बोट ठेवून विकून गेला, दहा जीबीपीएस. फोर्टिगेट ६०एफचंच उदाहरण घ्या, फायरवॉल थ्रूपुट १० जीबीपीएस लिहिलंय ते खरंच आहे, पण सगळी तपासणी चालू केली की थ्रेट प्रोटेक्शनचा आकडा ७०० एमबीपीएस, तो त्याच पानावर खाली असतो. कंपनीनी लपवलेलं नाही, विकणाऱ्यानी वाचून दाखवलं नाही. आमची १ जीबीपीएसची लाइन, मग बसा बोंबलत. तुम्ही येऊन जर म्हणालात की साहेब हा आकडा बघा, तुम्हाला वरचं मॉडेल लागेल, मी वरचं मॉडेल घेईन आणि तुमच्याकडूनच घेईन.

अजून दोन गोष्टी आम्हाला कोणी देत नाही. एक, सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (नेटवर्कवर काय काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, ते पण भारतात, आणि सायबर हल्ला वगैरे काही झालं तर सहा तासांत कळवायचं. बॉक्सच्या आतल्या जागेत एवढे लॉग मावत नाहीत, काही छोट्या मॉडेलला तर डिस्कच नसते. लॉग कुठे जाणार, कोण बघणार, सहा तासांत मेल कोण लिहिणार, हे कोटेशनमध्ये एका ओळीत सुद्धा नसतं. याचे महिन्याचे पैसे मागा, आम्ही देतो. दोन, गुरुवार. आमचा प्लांट गुरुवारी बंद, कटओव्हर (जुन्या बॉक्सवरून नव्यावर जाणं) त्याच दिवशी करायचा असतो, आणि मोठ्या पार्टनरचा इंजिनियर सोमवार ते शुक्रवार दहा ते सहा, गुरुवारी "स्लॉट नाहीये सर". तुम्ही भोसरीत राहता, तुम्हाला गुरुवार कळतो.

सीए_होता_होता
धंदा करावा की नाही ते मला कळत नाही, पण आकडे मांडून बघू. समजा ऑर्डर ६ लाखाची, वर १८ टक्के जीएसटी, बिल ७,०८,०००. तुमचा नफा ६ टक्के धरा, ३६ हजार. म्हणजे डिस्टीला द्यायचे ५,६४,००० अधिक जीएसटी, ६,६५,५२०. डिस्टी देतो ३० दिवस, कस्टमर देतो ९० दिवसांनी. मधले ६० दिवस ते साडेसहा लाख कुठून आले? ओडीतून (बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून), १५ टक्के धरा, व्याज झालं १६ हजाराच्या वर. उरले वीस. त्यात तुमचं रात्री अकराचं पेट्रोल.

आता खरी गंमत. त्या ६ लाखात लायसन्सचा भाग समजा ४ लाख. कस्टमरचा अकाउंटंट आयकराच्या १९४जे कलमाखाली १० टक्के टीडीएस कापून मोकळा होतो, ४० हजार. म्हणजे तुमच्या अख्ख्या नफ्यापेक्षा जास्त, आणि परत मिळणार रिटर्न भरल्यावर. २०१२ चं २१ नंबरचं नोटिफिकेशन आहे, सॉफ्टवेअर जसंच्या तसं पुढे विकलं असेल आणि आधीच्या टप्प्यावर टीडीएस कापला गेला असेल तर पुढच्या विक्रीवर परत कापायचा नाही, फक्त विकणाऱ्यानी तसं डिक्लेरेशन द्यायचं. डिस्टीकडून तसं पत्र घ्या, त्यावर तुमचं लावा आणि बिलासोबतच पाठवा, कापल्यावर नाही. (१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा, कलमांचे नंबर सगळे बदलतात, मी सवयीनी जुनेच लिहितोय, तुमच्या सीएला विचारून घ्या.)

आणि उद्यमचं (लघुउद्योग नोंदणीचं) सर्टिफिकेट दाखवून ४५ दिवसांत पैसे द्या म्हणायला जाल तर बॉक्सच्या बिलाला ते लागू होत नाही. नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना २०२१ पासून उद्यम मिळतं, पण ते बँकेच्या प्रायॉरिटी कर्जापुरतं. सर्व्हिसच्या बिलाला मात्र लागतं. म्हणून इन्स्टॉलेशन, एएमसी, लॉग बघायचं काम, सगळं वेगळ्या बिलावर घ्या, "फ्री इन्स्टॉलेशन" लिहूच नका.

पीआरआय_ते_एसआयपी
फोनबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. मी बावीस वर्षं ईपीएबीएक्स आणि आता आयपी पीबीएक्स (आयपी फोनचं एक्स्चेंज) लावतेय, बहुतेक काम रांजणगाव आणि चाकण. भोसरीकर, फोन आणि फायरवॉल एकत्र मिळत असेल तर सोडू नका, आणि एकटा फोनच मिळत असेल तर दहा वेळा विचार करा. कारण काय होतं, फोन लावला, रिंग जाते, उचलला की एकाच बाजूचा आवाज येतो. फोनवाला म्हणतो फायरवॉल, फायरवॉलवाला म्हणतो फोन, कस्टमर मध्ये उभा. दहात सात वेळा माझ्या अनुभवात फायरवॉलमधलं एसआयपी एएलजी (फोन कॉलसाठीची एक सेटिंग) चालू असतं, ते पॅकेटमधले पत्ते स्वतःच्या अकलेनी बदलत बसतं. बंद करा, आवाजाचे पोर्ट नीट उघडा, दहा मिनिटांचं काम. पण फायरवॉलचा पासवर्ड दुसऱ्याकडे असेल तर दहा मिनिटांचे तीन आठवडे होतात, आणि पेमेंट तुमचंच अडकतं.

४० फोनसाठी साइटवर जाऊन आधी नेटवर्कचे स्विच बघा. पीओई (नेटवर्कच्या वायरमधूनच फोनला वीज) नसेल तर कोटेशनच बदलतं. शॉप फ्लोअरवरचे आणि गेटवरचे साधे फोन काढू नका, गेटवे (जुने फोन नव्या सिस्टिमला जोडणारा डबा) लावून तसेच ठेवा, प्रेसच्या आवाजात लोकांना तो जाड रिसीव्हरच लागतो. आणि मालकांनी विचारलंच की इंदूरच्या शाखेचे कॉल इंटरनेटवरून इथे आणून पुण्याच्या लाइनवरून बाहेर काढता येतील का, तर सरळ नाही म्हणा. टोल बायपास (एसटीडीचे पैसे चुकवणं) होतो, नियमात बसत नाही, पीबीएक्समध्ये लॉजिकल पार्टिशनिंग (इंटरनेटचे आणि बाहेरच्या लाइनचे कॉल वेगळे ठेवणं) करून द्यावं लागतं. होईल की साहेब म्हणणारे भेटतात, नोटीस मात्र कंपनीला येते.

भोसरीकर_०७
सगळ्यांचे आभार. रात्री दोनदा वाचलं. काल चाकणला जाऊन आलो, अठ्ठेचाळीस पोर्टचे दोन स्विच, एकाला पण पीओई नाही, ताई बरोबर निघाल्या. मॉडेल नंबर कुठेच न लिहिता एक पानी कागद दिला. फायरवॉलचा डीआर सकाळी टाकलाय, अजून अंडर रिव्ह्यूच दाखवतंय, चॅनेल मॅनेजरला तीन मेसेज केले, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. अप्रूव्ह होईपर्यंत डेमो बॉक्स ऑफिसातून हलवत नाही. लॉगचं काम महिन्याच्या रेटनी वेगळं लिहिलंय, बघू काय म्हणतात.

सीए_होता_होता, ते डिक्लेरेशनचं फॉरमॅट असेल तर मेसेज करता का?

सीए_होता_होता
पाठवलं. पॅन नंबर नीट टाका, त्यात चुका करतात लोक आणि मग अकाउंटंटला कापायला निमित्त मिळतं.