ई-क्लासवर कचऱ्याचं आरक्षण: आधी जुना ढीग उचला, मग जागा मागा

संत्रा बागायतदार (चर्चा सुरू करणारा)

तालुक्याच्या नगरपरिषदेनं आपल्या गावाला लागून असलेल्या ई-क्लासपैकी (चराईची सरकारी जमीन, गायरान) आठ एकर जमीन शेती विभागातून काढून कचरा डेपोच्या आरक्षणात टाकायचं ठरवलं आहे. नगररचना अधिनियम 1966, कलम 37 (शहराच्या विकास आराखड्यात फेरबदल) खाली. राजपत्रात नोटीस निघाली की हरकतीला एक महिना. ही जमीन हद्दवाढीत शहराकडे गेली, त्यामुळे आपल्या ग्रामसभेचा ठराव तिथं चालणार नाही, असं सगळे सांगतात. कागदावर हद्द शहराची, पण ढोरं आजही आपलीच चरतात तिथं.

शेजारचा जुना डेपो भरला म्हणून वाढीव जागा पाहिजे, असं कारण दिलं आहे. तो भरला काऊन? घंटागाडीला ओल्या-सुक्याचे दोन कप्पे आहेत आणि डेपोवर दोन्ही एकाच ढिगात पडतात. घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट आहे की ज्याचं खत होत नाही आणि जे परत वापरात येत नाही, तेवढंच भरावात (कचरा पुरायच्या जागेत) टाकायचं. निम्म्याच्या आसपास कचरा ओला असतो. त्याचं खत केलं असतं तर आज आठ एकर मागायची पाळी आली नसती.

आणि हा वरुड-मोर्शीचा पट्टा आहे, भूजल अतिशोषित म्हणून नोंदलेला. आंबिया बहाराला एकेक ओलित आम्ही मोजून देतो. खाली उरलेलं पाणीही नासलं तर बागा तोडाव्या लागतील. माझा विरोध आहे.

आठवडी बाजाराजवळ राहणारा

भाऊ, बाजार तुम्हाला शहरात पाहिजे, दवाखाना शहरात, पोरांचं कॉलेज शहरात. बाजार उठल्यावर पत्ताकोबीची पानं अन् सडके टमाटे मागे राहतात, तो कचरा एकट्या शहराचा आहे का? आमच्या गल्लीत चार दिवस गाडी आली नाही तर नाली तुंबते, पोरं तापानं फणफणतात. राष्ट्रीय हरित लवादानं सप्टेंबर 2022 मध्ये घनकचरा आणि सांडपाण्यापायी महाराष्ट्रावर 12,000 कोटींची भरपाई लावली होती. सोय केली नाही तरी दोष, जागा मागितली तरी दोष. मग नगरपरिषदेनं करावं काय? ज्याला विचारावं तो म्हणतो, माझ्या धुऱ्याजवळ नको.

निवृत्त अभियंता

मी दोन नगरपरिषदांत नोकरी केली. बागायतदार भाऊंच्या विहिरीला खरा धोका जुन्या डेपोचा आहे. त्याच्या खाली काहीच नाही, उघडी जमीन. पावसाळ्यात ढिगातून जो काळा पाझर निघतो तो आजही मुरतोच आहे. शास्त्रीय भरावात तळाला किमान 90 सेंटिमीटर घट्ट चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पडदा, पाझर गोळा करायची सोय, आणि भूजलाची वरची पातळी मातीच्या थराखाली निदान दोन मीटर, असं 2016 च्या घनकचरा नियमांतच होतं. हे उभारायला मोकळी जमीन लागते. जुन्या ढिगावर ते होत नाही. आरक्षण हाणून पाडलं तर तुमच्या नशिबी जुना पाझरच राहील.

संत्रा बागायतदार

साहेब, जुन्या डेपोबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण प्रस्ताव मी स्वतः वाचला. त्यात पडदा नाही, पाझराची टाकी नाही, जुना ढीग कधी उचलणार त्याची तारीख नाही. फक्त नकाशावरचा रंग बदलला आहे. उन्हाळ्यात ही काळी जमीन अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. तिथं पडद्याशिवाय कचरा ओतला तर पहिल्या पावसातच त्याचा पाझर खाली उतरेल. जुना ढीग चाळून जमीन मोकळी करायला स्वच्छ भारत 2.0 मधून पैसा मिळतो, ही योजना ऑक्टोबर 2021 पासून आहे. ती जमीन मोकळी करा, तिथंच तुमचा शास्त्रीय भराव बांधा. आठ एकर कशाला?

बकऱ्या पाळणारी

दादा, माह्या घरी वावर नाही. बकऱ्या हेच वावर. डेपोवरच्या कुत्र्यांनी यंदा दोन बकऱ्या फाडल्या. शेजारणीची गाय मेली, तर पोटातून पन्न्यांचा हा मोठा गोळा निघाला. ई-क्लास गेली की आम्ही चारावं कुठं? बागायतदाराच्या धुऱ्यावर गेलं तर तोच हाकलतो. तुम्ही पाण्याचं बोलता, चाऱ्याचं कोणीच बोलत नाही.

संत्रा बागायतदार

ताई, चाऱ्याचं मी पहिल्यांदाच लिहायला पाहिजे होतं. हरकतीत तो मुद्दा सर्वांत वर घेतो.

नगरपरिषदेचा सफाई कामगार

मी जागेच्या बाजूनं आहे. काऊन ते ऐका. लोक पन्नीत भाजी, ब्लेड, पोरांचे डायपर सगळं एकत्र बांधून देतात. डेपोवर आम्ही ते हातानं निवडतो, उन्हात, वर टिनही नाही. वेगळं करायला शेड लागते, खताला ओटे लागतात, ट्रक वळायला जागा लागते. आज ढिगामुळे पाय ठेवायलाही जागा नाही. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेत वीसपेक्षा जास्त प्रकारांत कचरा वेगळा करतात, म्हणून सगळे त्यांचं नाव घेतात. तिथं घरोघरी लोक वेगळा करून देतात हो. आपल्या इथं कोण देतो?

कायद्याचा विद्यार्थी

दोन मुद्दे जोडतो. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही एवढाच फेरबदल कलम 37 खाली करता येतो. हरकतीत हे लिहाच. दुसरं, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2011 चा जगपाल सिंग निकाल आहे आणि त्यावरून राज्य सरकारनं 12 जुलै 2011 ला गायरान जपण्याबाबत शासन निर्णय काढला. शिवाय भराव नदीपासून 100 मीटर, तर तलाव, वस्ती आणि पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून 200 मीटर लांब पाहिजे, अशी अट 2016 च्या घनकचरा नियमांत होती. आपल्या नळयोजनेची विहीर तिथून किती लांब आहे, कोणी मोजलं का?

आठवडी बाजाराजवळ राहणारा

मोजा, जरूर मोजा. विहीर 200 मीटरच्या आत निघाली तर मीही हरकतीवर सही करतो. पण बाहेर निघाली तर पडदा, शेड आणि जुन्या ढिगाची तारीख ठरावात लिहून घेऊन तुम्ही जागा द्याल का?

संत्रा बागायतदार

चराई सोडून उरलेल्या तुकड्यात, खताच्या ओट्यांपुरती, हो. त्यावर भराव नाही. रविवारी सकाळी सातला विहिरीवर टेप घेऊन येतो. अभियंता साहेब, तुम्ही नकाशा आणा. ताई, ढोरं कुठवर चरतात ती हद्द तुम्हीच दाखवायची.