लेव्हलिंगचा लूप जुळला, तरी शंका कशाची घ्यायची?

साइटवरचा_नवखा:
४०० मीटरच्या गटारलाइनसाठी ऑटो लेव्हलने (उंचीचा फरक मोजायच्या दुर्बिणीने) चढावर जाऊन त्याच मार्गाने त्याच बेंचमार्कवर (माहीत उंचीच्या खुणेवर) परत आलो. क्लोजिंग एरर, म्हणजे परत आल्यावर पडलेला फरक, २ मिमी. ±१२√किमी (उत्तर मिमीमध्ये) धरलं तर ८०० मीटरला १० मिमीपर्यंत चालते. बीएस-एफएसच्या (दर वेळी मशीन लावल्यावरचं मागचं पहिलं आणि पुढचं शेवटचं वाचन) बेरजाही जुळतात. तरी साहेब म्हणतात, आरएल (काढलेल्या उंच्या) पक्के धरू नका. आता पाणी मुरायला जागा उरलीय कुठे?

खुंटी_आणि_दोरी:
बेरजांचा मेळ फक्त हिशेब तपासतो. १.३४५ च्या जागी १.४३५ लिहिलंत तरी तो जुळणारच. टर्निंग पॉइंटवरची (मशीन हलवताना पट्टी जिथे तशीच ठेवतो तिथली) अशी चूक लूपमध्ये सापडेल, पण इंटरमीजिएट साइटची (मध्येच घेतलेल्या जादा वाचनाची) नाही. मॅनहोलच्या लेव्हल तशाच घेतल्या असतील, तर मशीन १० सेंमी वरखाली करून पुन्हा वाचा.

लेव्हलवाला:
खरी मेख चढाची आहे. सरकत्या स्टाफचा (वाचनाच्या उभ्या पट्टीचा) वरचा भाग लॉक न होता १० मिमी खाली बसला, तर जोडाच्या वरचं प्रत्येक वाचन १० मिमी जास्त येतं. चढताना बीएस वाढतात, उतरताना एफएस. लूप छान बंद होतो आणि मधले सगळे आरएल चुकलेले! जोडावर मोजायची टेप लावून बघा.

कॉलिमेशनचंही (मशीनची नजर अगदी आडवी नसण्याच्या चुकीचंही) तेच, चढताना बीएस लांबचे आणि एफएस जवळचे पडले तर. तपासायला दोन खुंट्या, अ आणि ब, एकमेकींपासून ६० मीटरवर ठोका. मशीन बरोबर मध्ये: अ १.४५०, ब १.२१५, खरा फरक ०.२३५. मग अ च्या मागे २ मीटरवर, त्याच रेषेत: अ १.५२० तर ब १.२८५ यायला हवं. १.२९१ आलं तर ६० मीटरला ६ मिमी चूक. बीएस-एफएसची अंतरं सारखी ठेवलीत तर ती आपोआप कटते.

खुंटी_आणि_दोरी:
उतार किती आहे तेही बघा हो. १:१०० ला ३० मीटरच्या दोन मॅनहोलमध्ये ३०० मिमी पडतो, तिथे ३ मिमीसाठी दिवस घालवू नका. १:५०० असेल तर ६० मिमीच हातात असतात.

गटारमास्तर:
आणि तो बेंचमार्क? खचलेल्या ओट्यावरचा असेल तर त्यावर परत येऊन काय कळणार? दुसऱ्या, स्वतंत्र बेंचमार्कवर बंद करा. नवी लाइन जुन्या चेंबरला जोडायची असेल, तर त्याचा इन्व्हर्टही (पाइपच्या आतल्या तळाची लेव्हल) आधी वाचून घ्या.