'इन्व्हेगल' : अर्थ आणि मराठी पर्याय

'इन्व्हेगल' या इंग्रजी क्रियापदासाठी मराठी शब्द विचारला, तर पहिले उत्तर बहुधा 'फूस लावणे' असे येते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. गोड बोलून, खुशामत करून किंवा लबाडीने एखाद्याला अशा गोष्टीकडे वळवणे, की जी त्याने स्वतः होऊन केली नसती, हा या क्रियापदाचा गाभा आहे. आपल्याला कोणी वळवत आहे हे त्या माणसाच्या लक्षातही येत नाही, आणि माझ्या मते हीच या शब्दाची खरी खूण आहे.

शब्दाचा उगमही तेच सांगतो. आजच्या फ्रेंचमध्ये 'अव्हग्ल' म्हणजे आंधळा. त्याच घराण्यातील जुन्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. त्याच्याही मागे मध्ययुगीन लॅटिनमधील 'अब ऑक्युलिस', म्हणजे 'डोळ्यांवाचून', हा प्रयोग आहे. (लॅटिन 'ऑक्युलस' आणि संस्कृत 'अक्षि' हे मुळात एकाच घराण्यातले शब्द आहेत.) मराठीत मात्र 'डोळ्यांत धूळ फेकणे' हा वाक्प्रचार येथे चालणार नाही, कारण त्यात काहीतरी लपवून निसटणे आहे, कोणाला कोठे ओढून नेणे नाही. 'भूल पाडणे' त्या मानाने जवळचे आहे. उच्चार 'इन्व्हेगल' आणि 'इन्व्हीगल' असे दोन्ही प्रचलित आहेत.

समोरच्याला कळते की नाही, ही कसोटी लावली की शेजारची क्रियापदे आपोआप वेगळी होतात. 'कोक्स' म्हणजे चुचकारून, बाबापुता करून राजी करणे, आणि त्यात कपट असेलच असे नाही. 'कजोल'मध्ये मनधरणी आणि गोडगोड स्तुती आहे, 'व्हीडल'मध्ये लाडीगोडी आहे. या तिन्हींत समोरच्या माणसाला आपली मनधरणी चालल्याचे बहुधा कळत असते, आणि तरीही तो विरघळतो. म्हणून 'इन्व्हेगल'साठी 'गळ घालणे' वापरणे मला सर्वांत चुकीचे वाटते. गळ या शब्दामुळे आमिषाचा भास होतो खरा, पण गळ घालणारा माणूस उघडपणे, पुन्हा पुन्हा आग्रह करत असतो.

हा फरक कायद्याच्या भाषेतही दिसतो. प्रसिद्ध अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाच्या अपहरणानंतर अमेरिकेत 1932 साली अपहरणाविषयी जो संघीय कायदा झाला, त्यात पकडणे, कोंडणे, पळवणे यांच्या जोडीला 'इन्व्हेगल' हेही क्रियापद आहे. माणूस बळजबरीशिवाय, स्वतःच्या पायांनी चालत गेला, तरी त्याला भुलवून नेले असेल तर ते अपहरणच, असा त्याचा रोख आहे. येथे मराठीत 'फूस लावणे' अगदी नेमके बसते, कारण 'फूस लावून पळवून नेले' हा प्रयोग आपल्याकडे रुळलेला आहे. पण त्याच शब्दाला चिथावणीची छटाही आहे. 'यामागे कोणाची तरी फूस आहे' या वाक्यात लबाडीने वळवणे नसून मागून भडकावणे आहे. त्यामुळे नुसते 'त्याला फूस लावली' असे लिहिले, तर वाचक दोहोंपैकी कोणता अर्थ घेईल हे सांगता येत नाही.

खरी अडचण मात्र वाक्यरचनेची आहे. इंग्रजीत या क्रियापदामागे 'इन्टू' आले की माणसाला एखाद्या कृतीत गुंतवणे, 'आउट ऑफ' आले की त्याच्याकडून काही काढून घेणे, आणि कर्ता स्वतःच कर्म म्हणून आला की एखाद्याच्या मर्जीत किंवा गोटात शिरकाव करून घेणे, असे तीन अर्थ होतात. मराठीत या तिन्हींना एकच क्रियापद पुरणार नाही, आणि तसे शोधूही नये असे मला वाटते. 'गोड बोलून सही करून घेतली', 'बोलता बोलता गुपित काढून घेतले', 'हळूहळू त्यांच्या गोटात शिरकाव करून घेतला' ही वाक्ये पाहावीत. कपटाची रीत 'गोड बोलून', 'बोलता बोलता' यांसारख्या पदांतून येते, तर 'घेणे' हे सहायक क्रियापद फायदा कोणाचा झाला ते सांगते. 'सही करवली' आणि 'सही करून घेतली' यांत जो फरक आहे, तो या शब्दासाठी फार मोलाचा आहे, कारण वळवणाऱ्याचा स्वार्थ त्यातूनच उमटतो. 'पटवणे' हा शब्द येथे सहज सुचतो, पण युक्तिवादाने पटवणेही त्यात येत असल्याने तो एकटा वापरला की कपट निसटते.

इंग्रजीत हा शब्द हलक्या तक्रारीच्या सुरातही येतो, उदाहरणार्थ कोणीतरी गोड बोलून समितीचे काम गळ्यात घातले असे सांगताना. तेथे 'फूस लावली' म्हटले तर गुन्ह्याचा वास येईल. 'गोड बोलून मला त्यात गुंतवले' किंवा 'माझ्याही नकळत मला त्यात ओढले' एवढेच म्हणावे. 'भरीस पाडले' हा प्रयोगही चालू शकेल, पण त्यात नकळतपणा राहत नाही, म्हणून मी तो दुसऱ्या पसंतीचा मानतो.