मदत हवी आहे: नमाज चुकत नाही, पण राग सुटत नाही

अस्सलामु अलैकुम, आणि इथल्या सर्वांना नमस्कार.

गेली सहा वर्षं मी पाचही वक्ताची नमाज पाळतोय. फजरला (पहाटेच्या नमाजला) उठणं सुरुवातीला फार जड गेलं, आता गजराआधीच डोळा उघडतो. या काळात माझ्यात बरंच बदललं. दिलेला शब्द पाळायला लागलो, लोकांच्या पाठीमागे बोलणं जवळजवळ सुटलं, जकातीचा, म्हणजे सक्तीच्या दानाचा, हिशोब करता करता (वर्षभर साठून राहिलेल्या रकमेवर अडीच टक्के) पैशाकडे बघायची नजरच बदलली. दीनने, म्हणजे धर्माने, मला घडवलं, हे मी मनापासून सांगतो.

राग मात्र आहे तिथेच आहे.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज झाली, सलाम फेरला, दुआ मागितली आणि जानमाजची (नमाजच्या चटईची) घडी घालत होतो. माझी नऊ वर्षांची मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन येत होती, तिचा पाय अडखळला आणि पाणी जानमाजवर सांडलं. मी ओरडलो. इतक्या जोरात, की रिकामा ग्लास दोन्ही हातांनी छातीशी धरून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. दोनच मिनिटांपूर्वी मी अल्लाहकडे रहमत मागत होतो. रात्री तिने तिच्या अम्मीला विचारलं, "अब्बू नमाज झाल्यावर का चिडतात?"

ते वाक्य डोक्यातून जात नाही. सुरह अनकबूतच्या 45व्या आयतीत आहे की नमाज निर्लज्ज आणि वाईट कामांपासून रोखते. मग माझी नमाज मला का रोखत नाही? राग आला की 'अऊजुबिल्लाह' (मी अल्लाहचा आश्रय घेतो) म्हणायचं, हे माहीत आहे. पण आठवेपर्यंत ओरडून झालेलं असतं.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगा. फक्त "सब्र करा" म्हणू नका, रोजच्या घरात तो कसा करायचा ते सांगा.

पहाटवारा:
वालेकुम अस्सलाम. मीही यातून गेलोय, म्हणून आधी मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आहे, राग आला तेव्हा उभे असाल तर बसा, तरी गेला नाही तर आडवे व्हा. आधी शरीराला काम दिलंय, कारण त्या क्षणी विचार सुचतच नाही. मी आवाज चढतोय असं वाटलं की असेन तिथे जमिनीवर बसतो. समोर लहान मूल असेल तर बसल्यावर त्याचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो. मग ओरडवत नाही.

हजरत अनस लहान वयात पैगंबरांच्या सेवेत आले आणि दहा वर्षं राहिले. ते सांगतात, त्या दहा वर्षांत मला एकदाही 'उफ' म्हटलं नाही, हे का केलंस, ते का नाही केलंस, असंही विचारलं नाही. लहान मुलाच्या हातून दहा वर्षांत काय काय सांडलं असेल, काय काय फुटलं असेल!

अजून एक. दिवसाच्या 17 फर्ज (बंधनकारक) रकातींत, म्हणजे नमाजच्या आवर्तनांत, आपण 34 वेळा कपाळ जमिनीला टेकवतो. ते घाईत टेकवतो का, एवढं तपासा. आणि शेवटी उजवीकडे-डावीकडे सलाम फेरतो, तो मी आता घरच्यांचा विचार मनात ठेवून फेरतो.

निळीशाई:
घाईचा मुद्दा बरोबर आहे, पण दादा, "माझी नमाजच खोटी" असा अर्थ काढू नका. हनजला नावाचे सहाबी (पैगंबरांचे सोबती) असेच घाबरले होते. पैगंबरांजवळ असताना मन एक असतं आणि घरी बायकामुलांत गेल्यावर दुसरंच होतं, म्हणून मी मुनाफिक (ढोंगी) झालो असं ते म्हणाले. त्यांना पैगंबरांकडून उत्तर मिळालं की सदैव त्याच अवस्थेत राहिलात तर फरिश्ते रस्त्यात येऊन तुमच्याशी हात मिळवतील. पण हनजला, कधी असं, कधी तसं. हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं.

मी मुहासबा, म्हणजे स्वतःच्या वागण्याचा हिशोब, करते. इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर पाच मिनिटं, वहीत फक्त दोन ओळी: आज कुठे चिडले, कुठे आवरलं. दुसरी ओळ सोडू नका. महिनाभराने वही वाचली तेव्हा दिसलं, माझा बहुतेक राग असर (दुपारनंतरची नमाज) आणि मगरिबच्या मधला होता. भूक आणि थकवा. त्या वेळेला मी आता कठीण बोलणी काढतच नाही. एका वेळी एकच सवय धरा. थोडं असलं तरी नेमाने केलेलं काम अल्लाहला जास्त आवडतं, ही हदीस तुम्हाला ठाऊक असेलच.

आणि तौबेचं, म्हणजे अल्लाहकडे माफी मागून चूक सोडण्याचं. पश्चात्ताप, ते काम थांबवणं, पुन्हा न करण्याचा इरादा, या तीन अटी. पण माणसाला दुखावलं असेल तर त्या माणसाचा हक्क चुकता करावा लागतो. तुम्ही अल्लाहची माफी मागितली असेल. मुलीची मागितली का?

धागाकर्ता:
नाही मागितली. तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ तसाच बसून होतो.

आज असरनंतर तिला जवळ बोलावलं आणि जमिनीवर बसलो. म्हटलं, "त्या दिवशी पाणी चुकून सांडलं होतं, चूक माझी होती. मला माफ कर." तिने आधी अम्मीकडे बघितलं. मग म्हणाली, "पण जानमाज वाळली ना?" म्हटलं, त्याच रात्री वाळली. मग ती खेळायला गेली.

वही आणली आहे. आज पहिलं पान. ज्यांनी वर्षभर अशी वही चालवली आहे त्यांना विचारायचंय, रमजान संपल्यावर ढिलाई येते तेव्हा ती कशी टिकवता?